शंभरातले चव्वेचाळीस

राजूरच्या माणसाला श्रमाची किंमत कळत नाही, असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. ज्या गावाच्या पोटात कोळसा आणि शिवारात चुनखडी आहे, ज्या गावातल्या कित्येक घरांचे घड्याळ कॉलरीच्या पाळ्यांवर चालत आले आहे, जेथे मराठी, हिंदी आणि तेलुगू बोलणारी माणसे पोटासाठी एकत्र येऊन एकाच धुळीत वावरली आहेत, त्या गावाला घाम म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथे ट्रकवर पोती चढवणाऱ्या हमालाची मजुरी पोत्यामागे ठरते, भट्टीवरच्या माणसाची पाळीमागे ठरते, आणि ती बुडवणाऱ्याचे नाव चार दिवसांत वणीच्या बाजारापर्यंत पोचते. अशा या गावात, आणि केवळ याच गावात नव्हे तर येथून थेट नागपूरपर्यंतच्या पेठांत, एका कामाविषयी मात्र एक मत इतके दृढमूल झाले आहे की ते बोलून दाखवताना आपल्या तोंडून काही अन्याय घडत आहे याची बोलणाऱ्याला शंकाही येत नाही. ते मत असे : व्यवसायाचे बोधचिन्ह, ज्याला आता सगळे लोगो म्हणतात, ते काढून देणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्याला माल लागत नाही, कष्ट लागत नाहीत, जोखीम तर मुळीच नाही, तेव्हा चित्रकाराने आधी दहा-बारा नमुने काढून दाखवावेत, त्यातला एखादा पसंत पडला तर त्याच्या हातावर काही ठेवावे, न पडला तर त्याने आपले कागद गुंडाळून घरी जावे, आणि एवढेही जड वाटत असेल तर मोबाइल आहेच, तो फुकट काढून देतो.

हे मत मला नवे नाही. नागपुरात उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी गावी परतलो तेव्हापासून, दुकानांच्या पाट्या, पतसंस्थांचे कागद, बियाण्यांच्या पिशव्या अशी कामे करताना ते मी नाना तोंडांनी ऐकत आलो. पण गेल्या उन्हाळ्यात या भागातल्या चुन्याच्या एका व्यावसायिकांनी पोत्यांवर छापण्यासाठी चिन्ह मागितले, त्यावर मी तीन आठवडे घालवले, आणि मोबदल्याचा आकडा सांगताच ते म्हणाले, “काहून बाप्पा, एवढ्याशा चित्राचे एवढे पैसे? हे तं माह्यं पोरगं मोबाइलवर काढते!” ते गृहस्थ सज्जन आहेत. त्यांनी हमालांची मजुरी कधी थकवलेली मी ऐकली नाही, आणि हे बोलताना त्यांच्या स्वरात अवहेलनाही नव्हती. निखळ आश्चर्य होते. त्या आश्चर्यानेच मला ही कैफियत लिहायला बसवले आहे, कारण मोबदला बुडवू पाहणाऱ्याशी भांडता येते, पण ज्याला मोबदला देण्याजोगे काही घडले आहे हेच दिसत नाही, त्याला ते दाखवावे लागते.

पहिला मुद्दा वेळेचा. चिन्ह काढायला अर्धा तास लागतो, हे मी वादापुरते मान्य करतो. वस्तुतः कागदावर शेवटची आकृती उमटवायला तितकाही लागत नाही. पण मग मी विचारतो की चुन्याचे एक पोते भरायला किती वेळ लागतो? फावडे हाती असलेला माणूस ते पाच मिनिटांत भरतो. म्हणून चुना पाच मिनिटांत होतो, असे राजुरात कोणी म्हणेल काय? चुनखडी खणून काढावी लागते, भट्टीला सोसेल अशा बेताने फोडावी लागते, दगडाचा थर आणि कोळशाचा थर असे एकावर एक रचत न्यावे लागतात, नऊशे अंशांच्या आसपासची धग न ढळू देता राखावी लागते. ती कमी पडली तर दगडाचा गाभा कच्चा राहतो, आणि फाजील झाली तर दगड करपून असा चुना होतो की तो पाण्यात धड विरतही नाही. आणि या साऱ्या खटाटोपातून हाती काय येते? शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो छप्पन किलो. उरलेले चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन आकाशात जातात. ते कोणी पोत्यात भरत नाही, ते ट्रकवर चढत नाहीत, बिलात त्यांचा उल्लेख नसतो. पण ते गेल्यावाचून दगडाचा चुना होत नाही. गिऱ्हाईक घरी नेतो छप्पन किलो, आणि किंमत देतो ती मात्र शंभर किलोंच्या खणण्याची, वाहण्याची आणि भाजण्याची. हा व्यवहार ज्या गावाला पिढ्यानपिढ्या समजत आला आहे, त्याच गावाने माझ्या वहीतली चाळिसांहून अधिक टाकलेली चित्रे पाहून, “यातलं तं काहीच वापरलं नाही, मग याचे पैसे कशाचे?” असे विचारावे, याचे मला फार वाईट वाटते.

ती चित्रे का टाकली, हे सांगितल्याशिवाय माझी बाजू पुरी होणार नाही. आणि हा भाग थोडा विस्ताराने सांगितला तर वाचकांनी कंटाळू नये, कारण ज्याला काम म्हणतात ते सारे येथेच आहे.

पहिल्या आठवड्यात मी एकही रेघ ओढली नाही. मी भट्टीवर गेलो, गोदामात बसलो, ट्रक भरताना उभा राहिलो, आणि विचारत गेलो. हा चुना घेतो कोण? काही साखर कारखान्यांकडे जातो, तेथे उसाचा रस निवळण्यासाठी तो लागतो. काही पाणी शुद्ध करण्यासाठी, काही बांधकामाला, काही घरांच्या भिंतींना. म्हणजे तो विकत घेणारा भांडारपालही आहे, गवंडीही आहे आणि सणापूर्वी घर पांढरे करणारी बाईही आहे. पोते कशाचे? प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेले. त्याच्या विणीवर बारीक रेघ छापली तर ती तुटते, आणि बारीक पोकळी ठेवली तर ती शाईने भरून जाते. रंग किती? एकच, कारण दुसऱ्या रंगाने पोत्यामागे जो खर्च वाढतो तो या धंद्याला पेलत नाही. पोते दिसते कोठे? संध्याकाळच्या अर्धवट उजेडात, थप्पीत आडवे, निम्मे झाकलेले, आणि त्यावर पांढऱ्या धुळीचे पुट. ते ओळखायचे कोणी? ज्याला मराठी वाचता येते त्याने, ज्याला फक्त तेलुगू वाचता येते त्याने, आणि ज्याला काहीच वाचता येत नाही पण ज्याच्या पाठीवरून ते उतरते त्यानेही. या प्रश्नांची उत्तरे मोबाइलमध्ये नव्हती. ती भट्टीवर होती, आणि तेथे जाऊन, चष्म्याच्या काचा पुसत, ती एकेक करून गोळा करावी लागली.

आता मालकांची इच्छा ऐका. त्यांना चिन्हात धूर सोडणारी भट्टी हवी होती, तिच्यामागे उगवता सूर्य, पुढे ट्रक, कोपऱ्यात मातोश्रींच्या नावाचे आद्याक्षर, आणि पाणी शुद्ध करण्याच्या कामी चुना जातो म्हणून एक निळा थेंब. यातली प्रत्येक गोष्ट त्यांना प्रिय होती, आणि तिच्यामागची भावना मला पूज्य वाटते. पण चिन्ह हे मालकाने स्वतःसाठी घरात लावायचे चित्र नव्हे; ते अशा माणसासाठी असते, ज्याने मालकाला कधी पाहिलेले नाही. त्या विणलेल्या पोत्यावर ट्रकची चाके म्हणजे दोन काळे डाग झाले असते, सूर्याचे किरण तुटून गेले असते, आणि आद्याक्षर धुळीखाली गडप झाले असते. हे मी अंदाजाने सांगत नाही. प्रत्येक कल्पना मी रेखाटली, रिकाम्या पोत्यावर छापून पाहिली, वर चुन्याची मूठ उडवली आणि वीस पावलांवरून पाहिली. उरला तो थेंब. त्याचे तर मला भयच वाटले. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, फुगतो, हात भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. म्हणून तर पावसाळ्यात ही पोती जिवापाड कोरडी ठेवतात. ज्या पोत्याला पाण्यापासून दूर ठेवायचे, त्याच्याच छातीवर पाण्याचा थेंब काढायचा आणि तो ज्याला अक्षर वाचता येत नाही अशा माणसाला दाखवायचा, हे मी करायला हवे होते काय? मालकाची आवड अंतिम असते, असे सांगणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. शिंप्याला कापडाचा रंग सांगावा, तो मालकाचा हक्क आहे. पण भट्टीला वारा कोठून घ्यावा हे भट्टी रचणाऱ्याने सांगितल्यावर मालक ते ऐकतो, कारण न ऐकल्यास माल कच्चा निघतो हे त्याने पाहिलेले असते. चिन्ह कच्चे निघाले तर ते त्या दिवशी दिसत नाही, पुढे दहा-वीस वर्षे ते निमूटपणे नुकसान करीत राहते, एवढाच काय तो फरक.

सारे टाकून झाल्यावर शेवटी जी अडचण उरली, ती मात्र खरी चिन्हाची अडचण होती. चुना पांढरा, पोतेही पांढरे. पांढऱ्यावर पांढरे दाखवायचे कसे? निळ्या रेघेने कडा काढली तर तो बर्फ वाटे, करड्या छायेने उठाव दिला तर तो दगडच राही. चार-पाच दिवस मी या एका प्रश्नापाशी अडून होतो, आणि उत्तर मिळाले ते भट्टीच्या तोंडाशी, जेथे कोळशाच्या ढिगावर कळीचा एक खडा पडला होता. पांढरे काढायचेच नसते. काळे काढायचे असते, आणि पांढरे सोडून द्यायचे असते. एक भरीव काळे वर्तुळ, आणि त्याच्या मध्यावर खड्याच्या आकाराची न छापलेली जागा, बस्स एवढेच. शाई लागते ती फक्त कोळशाची. चुना म्हणजे ते पोतेच. आमच्या गावाची दोन्ही धने त्यात आली, एकच रंग लागला, रेघ तुटण्याचा प्रश्न मिटला, आणि पांढरी धूळ काळ्या वर्तुळावर बसली तरी त्याची कड लपेना. ती आकृती मी खरोखरच अर्ध्या तासात काढली. ज्यांना तेवढा अर्धा तासच दिसला, त्यांनी कृपा करून त्याआधीचे तीन आठवडेही पाहावेत.

कोणी म्हणेल, एका खेड्यातल्या पोत्यासाठी इतके भट्टीवर जाऊन बसणे हा तुझा हौशीपणा झाला. त्याचे पैसे आम्ही का द्यावेत? त्याला मी एक गोष्ट सांगतो. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट नंदलाल बोस यांच्याकडे सोपवण्यात आली, तेव्हा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचे रेखाटन करण्याचे काम त्यांनी दीनानाथ भार्गव या शांतिनिकेतनातल्या तरुण विद्यार्थ्याला दिले. हे भार्गव आपल्या वऱ्हाडच्या सीमेपलीकडल्या, बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईचे. सारनाथचे सिंह दगडात तयार होते, त्यांची छायाचित्रे उपलब्ध होती, कोणाही कसबी हाताने ती पाहून बसल्या जागी नक्कल उतरवली असती. तरी त्या विद्यार्थ्याने कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या फेऱ्या घातल्या, जिवंत सिंहांच्या पुढे उभे राहून त्यांची मुद्रा, आयाळ आणि उभे राहण्याची ढब पुनःपुन्हा न्याहाळली, आणि मग कागदाला हात लावला. जे दोन हजारांहून अधिक वर्षे दगडात कोरलेले होते, त्याची रेघ ओढण्यापूर्वीही पाहणे चुकले नाही. मग जे अजून कोठेच नाही, ते न पाहता काढता येईल, ही समजूत कशाच्या बळावर टिकून आहे?

याच मताचे दुसरे रूप असे की आकृती जितकी साधी तितके श्रम कमी. माझ्या वर्तुळाकडे पाहून एकाने विचारले, “यात काढलं काय? एक गोल अन् एक भोक.” खरे आहे. पण वणीपासून मुंबईपर्यंत प्रत्येक मोठ्या गावात ज्या स्टेट बँकेच्या दारावरून आपण जातो, तिचे चिन्ह तरी काय आहे? एक निळे वर्तुळ, त्याच्या मध्यावर एक लहान पांढरे वर्तुळ, आणि तेथून खाली सरळ जाणारी एक फट. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले शेखर कामत यांनी ते घडवले आणि १९७१ साली बँकेने ते स्वीकारले. कोणाला त्यात कुलपाचे छिद्र दिसते, कोणाला अहमदाबादचा कांकरिया तलाव, कोणाला मोठ्या व्यवस्थेच्या मध्यभागी उभा असलेला सामान्य माणूस. नाणे आणि पट्टी घेऊन कोणतेही पोर आज ते मिनिटभरात काढील, हा त्या चिन्हाचा दोष नव्हे. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते टिकले त्याचे हेच कारण आहे. जे सोपे दिसते ते सोपेपणी सापडते असे नाही, एवढे तरी भट्टीवरच्या माणसाने मला समजावून सांगावे लागू नये.

आता नमुन्यांच्या मागणीकडे येतो, आणि येथे मी यत्किंचितही मागे सरकणार नाही. “आधी दहा नमुने दाखवा, आवडला तर पैसे” हे वाक्य इतके रूढ झाले आहे की ते शिरस्त्यासारखे बोलले जाते. भट्टीवाल्याला कोणी म्हणतो काय, की तू दहा भट्ट्या लाव, आणि जिचा चुना मला आवडेल तिच्याच कोळशाचे पैसे मी देईन? दहा नमुने मागणारा असे समजतो की आपण दहापट विचार मिळवला. वस्तुतः त्याने एकाच विचाराचे दहा तुकडे मागितलेले असतात, आणि ज्याला मोबदल्याची शाश्वती नाही तो चित्रकार भट्टीवर जाऊन बसत नाही, घरी बसून दहा गोल काढतो. प्रत्यक्ष घडलेला एक व्यवहार पाहा. अमेरिकेत पॉल रँड या चिन्हकाराकडे १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या नव्या संगणक कंपनीसाठी चिन्ह मागितले आणि काही पर्याय दाखवाल का, असे विचारले. रँड यांनी नकार दिला. मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही मोबदला द्याल, ते उत्तर वापरायचे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, असा त्यांचा पक्ष होता. त्यांनी एकच चिन्ह दिले, ते तसेच का आहे हे सांगणारी पुस्तिका दिली, आणि एक लाख डॉलर घेतले. मी एक लाख मागत नाही, डॉलर तर नव्हेच. पण तत्त्व राजुरात आल्याने लहान होते काय?

नमुन्यांच्या बाजूने स्पर्धेचा दाखला दिला जातो : रुपयाचे चिन्ह स्पर्धेतूनच नाही का मिळाले? मिळाले, १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे चिन्ह मंजूर केले, देवनागरी र आणि रोमन आर यांचा त्यात मेळ आहे, वरच्या दोन आडव्या रेघांत शिरोरेषा आहे. पण या दाखल्याचा पुढचा भागही वाचावा. ती स्पर्धा शासनाने नियम जाहीर करून घेतली होती, अडीच लाखांचे पारितोषिक आधी सांगितले होते, आणि निवड करणारे मंडळ नेमले होते. ज्याने ती जिंकली तो तरुण मुंबईच्या आयआयटीत तमिळ अक्षरांच्या घडणीवर पीएच.डी.चा अभ्यास करीत होता. म्हणजे अक्षराची रेघ कोठे वळते आणि का वळते, यावर त्याने काही वर्षे वेचली होती. आणि त्या स्पर्धेला तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या होत्या. एका चिन्हासाठी एवढ्या माणसांनी रात्री जागवल्या, हा राष्ट्राच्या कामी उत्साहाचा भाग म्हणून मी समजू शकतो. पोत्यावरच्या छापासाठी, जाहीर नियम नाहीत, पारितोषिक नाही, निवडणारा एक आणि त्याचाही फैसला तोंडी, अशा स्थितीत हीच रीत लावणे याला स्पर्धा म्हणत नाहीत.

शिवाय नमुने दिले की ते जातात कोठे, हेही मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका आस्थापनेने माझ्याकडून असेच नमुने घेतले, एकही पसंत नसल्याचे कळवले, आणि सहा महिन्यांनी त्यातलाच एक, रंग बदलून आणि एक पान जास्त जोडून, त्यांच्या फलकावर झळकला. तगादा करायला मी गेलो नाही, ही माझी चूक. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे रेखाचित्र ही कलाकृती आहे, आणि तिचा हक्क दुसऱ्याकडे जायचा तर लेखी दस्तऐवज लागतो. “दाखवलं होतं नं तुम्ही” एवढ्याने तो जात नाही.

नाइकीच्या पस्तीस डॉलरांची गोष्ट तर आता चहाच्या टपरीवरही ऐकू येते. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली ते चिन्ह पस्तीस डॉलरांत काढून दिले, म्हणून चिन्हाची किंमत तेवढीच, असा निष्कर्ष निघतो. पण कंपनी मोठी झाल्यावर तिच्याच मालकांनी १९८३ मध्ये त्या बाईंना बोलावून अंगठी आणि कंपनीचे शेअर दिले, हा अर्धा भाग कोणी सांगत नाही. आधी दिले ते पुरे नव्हते, अशी कबुली घेणाऱ्यानेच दिल्यावर तो दाखला कोणाच्या बाजूचा ठरतो?

उरला मोबाइल. यंत्राविषयी मला राग नाही; मी स्वतः संगणकावर काम करतो. पण यंत्र चिन्ह काढते म्हणणाऱ्याने यंत्रात काय आहे ते पाहावे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे ज्या मंगल नावाच्या अक्षरांत पत्रे, दाखले आणि हुकूम टंकलिखित झाले, ती अक्षरे यंत्राने घडवलेली नाहीत. ती र. कृ. जोशी यांनी घडवली. कोल्हापूरचा हा माणूस जाहिरातकलेत वाढला, मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागला, आणि देवनागरीच्या एकेका वळणापायी त्याने आयुष्य खर्ची घातले. ‘अक्षर तर यंत्रात असतेच’ असे जो म्हणतो, तो जोशींचे श्रम वापरून जोशींच्या जातीच्या माणसाला श्रमहीन म्हणत असतो. आणि नाव नुसते टंकलिखित करून चालत असते, तर कमल शेडगे यांनी जन्मभर मराठी नाटकांची नावे हाताने का रेखाटली असती? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्या अक्षरांवर नजर गेली की नाटक पौराणिक आहे की घरगुती, गंभीर आहे की हसवणारे, हे मजकूर वाचण्यापूर्वीच कळत असे. २०२० साली ते गेले. त्यांनी रेखाटलेली नावे पाहिली की नाटकाचा पडदा अजूनही डोळ्यांपुढे येतो.

मोबाइल जे देतो ते आधी झालेल्या असंख्य चिन्हांच्या मिश्रणातून देतो, आणि जे एकाला दिले ते, थोड्या फरकाने, दुसऱ्यालाही देतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली नोंदणी करायची तर चिन्ह इतरांपासून वेगळे ओळखू यावे लागते. बांधकामाचा चुना एकोणिसाव्या वर्गात मोडतो, रासायनिक कामाचा पहिल्या वर्गात, आणि दोन्ही वर्गांत आधीच नोंदलेल्यांशी साम्य आहे काय हे तपासावे लागते. ती तपासणीही माझ्या त्या तीन आठवड्यांतच होती. टोकियोच्या ऑलिंपिकसाठी २०१५ मध्ये जाहीर केलेले चिन्ह बेल्जियममधल्या एका नाट्यगृहाच्या चिन्हासारखे दिसते असा आक्षेप आला. चिन्हकाराने नक्कल नाकारली, तरी दोन महिने पुरे होण्यापूर्वीच आयोजकांना ते मागे घ्यावे लागले आणि सारा छापील माल वाया गेला. जपानसारख्या देशाला तो फटका सोसला. राजूरच्या भट्टीवाल्याची छापून झालेली पोती एका नोटिशीने पडून राहिली, तर त्याने कोणाच्या दारी जावे? मोबाइलवर जबाबदारीची सही कोण करणार?

म्हणून मी माझे म्हणणे पुन्हा, आणि अधिक जोराने मांडतो. चिन्हाचा मोबदला त्या आकृतीला लागलेल्या शाईचा नसतो. जे जे टाकले, आणि ते टाकावे हे ज्याला कळले, त्याच्या कळण्याचा तो मोबदला आहे. तुमचा माल तुम्ही ज्या नजरेने कधीच पाहू शकणार नाही, त्या परक्या नजरेने कोणी तो पाहिला, याचा तो मोबदला आहे. तुम्हाला आवडणारी गोष्ट तुमच्या तोंडावर नाकारण्याचे धैर्य कोणी दाखवले, याचाही आहे. हे काम ज्याने केले त्याला ते पसंत पडो वा न पडो मजुरी मिळालीच पाहिजे. पसंतीचा हक्क तुमचा, पण पोते उतरल्यावर ते नको होते असे म्हणून हमालाची मजुरी कापता येत नाही, आणि जो न्याय पाठीला लागू आहे तो डोळ्याला आणि बुद्धीलाही लागू आहे.

माझे काळे वर्तुळ नामंजूर झाले. निळा थेंब छापला गेला, आणि यंदाच्या पावसाळ्यात मी गोदामाच्या दाराशी तो पाहिला. विणीत शाई पसरून त्याचा नुसता डाग झाला होता, आणि खालचे नाव वाचायला मला वाकावे लागले. आनंद झाला नाही. ती पोती आमच्याच गावच्या दगडाची होती.

यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांसाठी मी एक साधा करारनामा लिहून ठेवला आहे. निम्मी रक्कम इसार म्हणून आधी. पहिला आठवडा फक्त पाहण्याचा आणि विचारण्याचा. त्या आठवड्यात चित्राचा तगादा नाही. शेवटी एकच चिन्ह, आणि ते तसे का आहे याचा लेखी खुलासा. टाकलेली सगळी चित्रे पाहायला मिळतील, कारण ती लपवण्यासारखी नाहीत. हे मान्य असेल त्याने नमुने मागू नयेत, भट्टी पेटलेली असेल तो दिवस कळवावा. मी वही घेऊन सकाळच्या पाळीलाच येईन.